वाचक विचारतात: उन्हावर जगणारी गोगलगाय

गेल्या अंकात शेवटच्या पानावर एक फोटो दिला होता. पांढुरक्या-तपकिरी रंगाचा, अंगभर चपट्या पट्ट्या लोंबणारा एक समुद्री जीव, आणि खाली दोन ओळी: "फायलोडेस्मियम लाँगिसिर्रम, प्रवाळ खडकांवरची सौरऊर्जेवर चालणारी सी स्लग. प्रकाशसंश्लेषण करणारा प्राणी!" बस, एवढंच. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर तिलाच देऊन टाकलंय. त्यातली उद्गारचिन्हवाली ओळ चुकलीये हेही काही जणांनी बरोबर पकडलं, म्हणून सुरुवात तिथूनच.

ताई, मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. प्राणी प्रकाशसंश्लेषण करत नाहीत हे मुलांकडून घोकून घेते, आणि तुम्ही सरळ छापलंत की हा करतो. आता वर्गात काय सांगू?

तुम्ही शिकवलंय तेच सांगा, चूक माझी. ही गोगलगाय स्वतः प्रकाशसंश्लेषण करत नाही, करणाऱ्यांना अंगात ठेवून घेते. जागा कमी होती म्हणून मी तो फरक गाळला आणि नेमकी तीच मजेची गोष्ट होती.

तर नीट सांगते. फायलोडेस्मियम लाँगिसिर्रम ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय, म्हणजेच सी स्लग, न्यूडिब्रँक नावाच्या गटातली. पश्चिम पॅसिफिकच्या उष्ण पाण्यात, ग्रेट बॅरिअर रीफवर वगैरे सापडते. तिच्या वंशात ही सगळ्यात थोराड, बारा-चौदा सेंटीमीटरपर्यंत वाढते, म्हणजे आपल्या तळहाताएवढी सहज. १९०५ साली रुडॉल्फ बर्ग नावाच्या डॅनिश माणसाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, आणि हे बर्ग पेशाने डॉक्टर होते, गुप्तरोगांचे, कोपनहेगनमध्ये, आणि उरलेल्या वेळात जगभरच्या सी स्लग्ज कापून बघायचे. असो.

ती खाते सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, ज्याला लेदर कोरल म्हणतात ते सार्कोफायटॉन. आता या प्रवाळाच्या पेशींमध्ये आधीपासूनच एकपेशीय शेवाळ राहत असतं, झूझँथेली म्हणतात त्यांना. सोनेरी-तपकिरी, गोल, सुईच्या टोकावर कितीतरी मावतील एवढे बारीक. प्रवाळ त्यांना जागा आणि आपला नायट्रोजनचा कचरा देतो, ते उन्हावर साखर बनवून त्यातली बरीचशी प्रवाळाला देतात. गोगलगाय प्रवाळ खाते तेव्हा हे शेवाळही पोटात जातं. इथे दुसरा एखादा प्राणी असता तर सगळंच पचवून मोकळा झाला असता, ही मात्र प्रवाळाचं मांस पचवते आणि शेवाळातलं काही जिवंतच बाजूला ठेवते.

ठेवते कुठे, तर त्या लोंबणाऱ्या पट्ट्यांत. त्यांना सेराटा म्हणतात. तिच्या पाचक ग्रंथीच्या फांद्या पोटात गुंडाळून न राहता थेट त्या पट्ट्यांमध्ये शिरतात आणि तिथे त्यांना आणखी बारीक बारीक फाटे फुटत जातात, झाडाच्या मुळांसारखे. फोटो पुन्हा काढून बघा, पट्टी जवळजवळ आरपार दिसणारी आहे आणि तिच्यावर तपकिरी ठिपके आणि डाग आहेत. मी आधी ते ठिपके म्हणजे कातडीचा रंग समजत होते. ती कातडी नाहीच, ते आतल्या नळ्यांच्या टोकांशी दाटीवाटीने बसलेलं जिवंत शेवाळ आहे, वरची कातडी काचेसारखी पारदर्शक ठेवलीये म्हणून आपल्याला दिसतं. शेवाळाला ऊन मिळावं म्हणून पट्ट्या चपट्या आणि रुंद, म्हणजे काम तेच जे झाडाचं पान करतं.

तेव्हा वर्गात सांगा, प्राणी प्रकाशसंश्लेषण करत नाही, पण एखादा प्राणी अंगात बाग लावू शकतो.

शेवाळ पचत कसं नाही? पोटातलं आम्ल त्याला सोडतं का?

आपल्यासारखं आम्लाने भरलेलं एक पोट आणि त्यात सगळं घुसळतंय, असं तिथे डोळ्यांसमोर आणू नका. तिच्या पाचक ग्रंथीच्या पेशी अन्नाचे कण एक एक करून स्वतःच्या आत ओढून घेतात आणि पचन बरंचसं पेशीच्या आतच होतं. प्रत्येक कण एका छोट्या पिशवीत जातो. बहुतेक पिशव्यांत पाचक रसायनं ओतली जातात, काही पिशव्यांत नाही. ज्यात नाही त्यातलं शेवाळ जगतं, ऊन खातं, विभाजन होऊन वाढतंसुद्धा.

ही सवय एका झटक्यात आलेली नाही हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे बिल रडमन यांनी १९८१ आणि १९९१ मध्ये या वंशातल्या बऱ्याच जाती उघडून, आतल्या नळ्या कशा पसरल्यात ते बघितलं. काही जातींत पाचक ग्रंथी साधी सरळ, शेवाळ राहतच नाही. काहींत थोडे फाटे, थोडं शेवाळ. आणि लाँगिसिर्रममध्ये नुसतं जाळंच जाळं. म्हणजे एकाच कुटुंबात कोणी अजून फक्त खाणारी, कोणी हौशी बागवाली, कोणी पक्की शेतकरी, सगळ्या पायऱ्या आजच्या आज जिवंत बघायला मिळतात.

अजून एक. या गटातल्या इतर गोगलगायी, हायड्रॉइड किंवा सी अॅनिमोन खाणाऱ्या, आपल्या भक्ष्याच्या डंख मारणाऱ्या पेशी न फोडता गिळतात आणि सेराटाच्या टोकाला साठवून पुढे स्वतःच्या संरक्षणाला वापरतात. म्हणजे भक्ष्याचा माल जिवंत ठेवून वापरायची खोड या घराण्यात आधीपासून आहे. फायलोडेस्मियमने डंखाचा नाद सोडला, सॉफ्ट कोरलचे डंख तसेही मिळमिळीत असतात, आणि शेवाळ धरलं.

मी नववीत आहे. मी व्हिडिओत एक हिरवी सी स्लग बघितली, मेंढीसारखा चेहरा आणि पाठीवर पानं. तीच का ही? आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण चालू आहे.

नाही रे, ती वेगळी, आणि नुसती वेगळी नाही तर तिचा धंदाच वेगळा आहे. तू बघितलीस ती कोस्टासिएला कुरोशिमे, लाडाने तिला लीफ शीप म्हणतात. ओकिनावाजवळच्या कुरोशिमा बेटावरून तिचं नाव पडलंय, १९९३ मध्ये. जपानपासून फिलिपिन्स, इंडोनेशियापर्यंत मिळते. व्हिडिओत मोठी दिसते पण असते जेमतेम पाच ते दहा मिलिमीटर, म्हणजे तुझ्या करंगळीच्या नखावर आरामात बसेल.

तर फायलोडेस्मियम अख्खं जिवंत शेवाळ ठेवते, म्हणजे भाडेकरू ठेवण्यासारखं, भाडं साखरेत. लीफ शीप आणि तिच्या भाऊबंदांना सॅकोग्लोसा म्हणतात, त्या भाडेकरू ठेवत नाहीत, त्या भाडेकरूच्या घरातली फक्त गॅसची शेगडी उचलून आणतात आणि बाकी माणसाला खाऊन टाकतात. सॉरी, उदाहरण जरा भयानक झालं, पण लक्षात राहील.

त्यांच्या तोंडात दातांची एकच ओळ असते आणि एका वेळी एकच दात कामाला. तो शेवाळाच्या पेशीत भोसकायचा आणि आतला रस स्ट्रॉने प्यायल्यासारखा ओढायचा. दात झिजला की तो तोंडाखालच्या एका पिशवीत जमा होतो आणि मागचा नवा दात पुढे येतो. त्या रसातून बाकी सगळं पचतं पण क्लोरोप्लास्ट, म्हणजे हरितलवक, ज्यांत प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषण होतं ते हिरवे कण, ते पाचक ग्रंथीच्या पेशींत ठेवून घेतले जातात आणि चालू राहतात. म्हणून त्या हिरव्यागार आणि फायलोडेस्मियम तपकिरी.

या गोगलगायींत हिरवा रंग आहे हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं पण तो आहे कशाचा हे कळलं १९६५ मध्ये, जेव्हा जपानच्या कावागुती आणि यामासू यांनी सॅकोग्लोसातल्याच एलिसिया वंशातल्या एका गोगलगायीची पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि प्राण्याच्या पेशीत चक्क शेवाळाचा क्लोरोप्लास्ट बसलेला दिसला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा प्रकार, फक्त इथे नागोबाने बीळच गिळलंय.

ग्रुपमध्ये सांग की दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत, दोघींनाही सौरऊर्जेवाली म्हणतात.

मी वाचलं होतं की या गोगलगायी शेवाळाचे जीन्स पण चोरतात म्हणून क्लोरोप्लास्ट चालू राहतात. हे खरं आहे ना?

बरीच वर्षं सगळेच असं म्हणत होते, मी पण एकदा या सदरात लिहिलंय असं पुसट आठवतंय, तेव्हा हे उत्तर त्याचीही दुरुस्ती समजा.

अडचण काय होती ते आधी बघा. क्लोरोप्लास्टमध्ये स्वतःचे जीन्स असतात पण थोडे, शंभर-दोनशेच्या आसपास. त्याला चालायला लागणारी बाकी बहुतेक प्रथिनं शेवाळाच्या केंद्रकातल्या जीन्सवरून बनतात, आणि ते केंद्रक तर गोगलगायीने पचवून टाकलं. प्रकाशसंश्लेषण करताना क्लोरोप्लास्टचे भाग जळतात, सतत दुरुस्ती लागते. मेकॅनिक नाही, स्पेअर पार्ट नाही, आणि तरी एलिसिया क्लोरोटिका ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची जात (ही रीफवरची नाही, खाऱ्या दलदलीतली, पण सगळ्यात जास्त अभ्यास तिचाच) लॅबमध्ये काही न खाता नऊ-दहा महिने हिरवी राहते. कसं काय?

२००८ मध्ये मेरी रम्फो आणि सहकाऱ्यांनी पेपर काढला की शेवाळाचा पीएसबीओ नावाचा, प्रकाशसंश्लेषणाला लागणारा जीन या गोगलगायीच्या डीएनएमध्ये सापडला. झालं, बातम्याच बातम्या, "अर्धा प्राणी अर्धी वनस्पती". मग २०१३ मध्ये त्याच गोगलगायीच्या अंड्यांतला डीएनए वाचला, कारण जीन खरंच वंशात शिरला असेल तर तो अंड्यात दिसायलाच हवा आणि अंड्यात क्लोरोप्लास्ट नसल्यामुळे भेसळीची भीती नाही, आणि तिथे काहीच पुरावा मिळाला नाही. त्या पेपरवर रम्फो यांचं स्वतःचं पण नाव आहे. स्वतःचीच गाजलेली गोष्ट स्वतःच तपासून "नाही सापडलं" म्हणून छापायचं, याला मी फार मोठं मानते. त्यानंतरही एका गटाने जीन आहे असा दावा केला, वाद चालू राहिला, पण २०२१ मध्ये प्लॅकोब्रँकस ऑसेलेटस या रीफवरच्या जातीचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचला गेला आणि त्यातही चोरलेले जीन्स नाहीत. आता पारडं चांगलंच त्या बाजूला झुकलंय.

मग चालतात कसे, तर एक उत्तर हे की या विशिष्ट शेवाळांचे क्लोरोप्लास्ट मुळातच दणकट आहेत, दुरुस्तीला लागणारे काही जीन्स, उदाहरणार्थ एफटीएसएच नावाचा, त्यांच्याकडे स्वतःजवळच असतो, आपल्या ओळखीच्या बागेतल्या झाडांमध्ये तो केंद्रकात गेलेला असतो. म्हणून कुठल्याही शेवाळाचा क्लोरोप्लास्ट चालत नाही, गोगलगाय ठरावीक दुकानातूनच माल उचलते.

अंधारात ठेवली तर लगेच मरेल ना? म्हणजे सौर पॅनलवर ढग आल्यासारखं?

हा प्रश्न मी सगळ्यात जपून ठेवला होता कारण इथे "सौरऊर्जेवर चालणारी" या शब्दाचीच पंचाईत होते.

वर सांगितली ती प्लॅकोब्रँकस घ्या. वरून बघितलं तर काही विशेष नाही, मातकट रंगाची, अंगावर गोल गोल ठिपके, वाळूवर पडली तर दिसणार पण नाही. तिच्या अंगाच्या दोन्ही कडा पाठीवर दुमडलेल्या असतात, शाल लपेटल्यासारख्या. ती शाल उघडली की आत गर्द हिरव्या उभ्या रेघांची ओळच्या ओळ, वहीची पानं उघडल्यासारखी. ऊन किती आहे त्यावरून ती शाल कमी-जास्त उघडते. हे बघून कोणालाही वाटेल की झालं, पॅनलच आहे.

जर्मनीतल्या ग्रेगोर क्रिस्टा, हाइके वेगेले वगैरे संशोधकांनी साधा विचार केला, की बाबांनो, अंधारात ठेवून बघूया. काही गोगलगायी उजेडात उपाशी, काही अंधारात उपाशी, काहींना प्रकाशसंश्लेषण बंद पाडणारं रसायन दिलेलं. २०१४ च्या त्यांच्या पेपरमध्ये निकाल असा, की उजेडातल्या गोगलगायी कार्बन डायऑक्साइड पकडतात हे खरं, पण अंधारातल्याही मेल्या नाहीत, त्याही जगत राहिल्या आणि वजन दोन्हीकडे साधारण सारखंच घटत गेलं. म्हणजे पॅनल चालू आहे, मीटर फिरतंय, पण घर त्याच्यावर चालत नाहीये.

मग एवढा खटाटोप कशाला? एक म्हणणं असं की क्लोरोप्लास्ट म्हणजे खरा डबाच आहे, हळूहळू पचवायचा. २०२५ मध्ये हार्वर्डच्या निकोलस बेलोनो यांच्या लॅबने कॅरिबियनमधल्या एलिसिया क्रिस्पाटावर, जिला लेट्युस स्लग म्हणतात, काम छापलं. तिच्या पेशीत चोरलेले क्लोरोप्लास्ट एका खास पिशवीत ठेवलेले असतात, त्यांनी त्या पिशवीला क्लेप्टोसोम असं नाव दिलं. पोट भरलेलं असेपर्यंत पिशवीच्या आतलं वातावरण असं राखलेलं की क्लोरोप्लास्ट टिकावेत, आणि फार दिवस उपास पडला की तीच पिशवी पचनाकडे वळते आणि आतला माल खाल्ला जातो. तेव्हा हिरवीगार गोगलगाय नारिंगी होत जाते, शरद ऋतूत पानं पिकतात तशी.

पण नुसता डबाच म्हणून पण विषय संपत नाही हं. भूमध्य समुद्रातल्या एलिसिया टिमिडावर २०२१ मध्ये काम झालं, त्यात क्लोरोप्लास्टनी पकडलेला कार्बन गोगलगायीच्या प्रजननाच्या अवयवांपर्यंत पोचलेला दिसला आणि चांगल्या उजेडातल्यांनी अंडी जास्त घातली. म्हणजे पगार नाही, पण बोनस आहे, आणि तो पुढच्या पिढीवर खर्च होतो. मला स्वतःला हे पटतं. जगायला ऊन लागतंच असं नाही पण ऊन असलं तर संसार बरा होतो.

आणि हे सगळं चोरवाल्या गोगलगायींचं बरं का. फायलोडेस्मियमसारख्या बागवालीचं गणित वेगळं, तिच्याकडे अख्खी जिवंत पेशी आहे, केंद्रकासकट, मेकॅनिक घरातच. तिचं शेवाळ स्वतःला दुरुस्त करतं आणि वाढतं. दोघींना एकच बिरुद चिकटवल्यामुळे हा घोळ होतो, आणि चिकटवणाऱ्यांत मी पण आहे.

या सी स्लगचं डोकं तुटलं तर नवीन शरीर येतं अशी पोस्ट फिरतेय. फेक असणार, पण विचारून घेते.

फेक नाही! शीर सलामत तर पगडी पचास ही म्हण कोणी एवढी मनावर घेतलेली मी तरी दुसरीकडे बघितली नाही.

जपानमधल्या नारा विमेन्स युनिव्हर्सिटीच्या सायाका मितोह यांनी लॅबमध्ये वाढवलेल्या एलिसियाच्या टाकीत बघितलं तर एक डोकं एकटंच फिरतंय. हृदय नाही, पोट नाही, नुसतं डोकं. त्यांना वाटलं आता मरेल. ते काही तासांत शेवाळ खायला लागलं. मितोह आणि योइची युसा यांचा पेपर २०२१ मध्ये आला. मानेपाशी एक बारीक खाच असते, तिथून डोकं आपणहून सुटतं, कोणी तोडत नाही, आणि त्याला काही तास लागतात. जखम दिवसभरात बंद, आठवड्याभरात नवं हृदय, तीन आठवड्यांच्या सुमारास अख्खं नवं शरीर. लॅबमध्ये वाढवलेल्या पंधरापैकी पाच जणींनी हे केलं. म्हाताऱ्या गोगलगायींच्या डोक्यांनी मात्र खाल्लंच नाही आणि दहा-एक दिवसांत मेली.

मागे राहिलेलं धड? तेही हलत राहतं, त्यातलं हृदय धडधडताना दिसतं, दिवसच्या दिवस, कधी महिनेही, पण त्याला नवं डोकं येत नाही. मला हे वाचताना कसंतरीच झालं होतं.

कारण काय, तर शत्रूपासून पळायला असेल असं वाटत नाही, एवढे तास कोणता शत्रू थांबणार. एका जातीत अंगात परजीवी असलेल्यांनीच धड टाकलं आणि नवं शरीर परजीवीशिवाय आलं, म्हणजे कीड लागलेलं घरच सोडून जायचं. आणि पोट नसताना तग धरायला डोक्यातले क्लोरोप्लास्ट थोडा हातभार लावत असतील असा अंदाज आहे, डोक्यातही त्या पाचक ग्रंथीच्या फांद्या गेलेल्या असतात. पोस्टमधला फोटो दुसऱ्याच प्राण्याचा आहे, तेवढं मात्र फेक.

माझ्याकडे समुद्री पाण्याचं अॅक्वेरियम आहे. लाइट चांगले आहेत. फायलोडेस्मियम आणली तर खायला द्यावं लागणार नाही, बरोबर?

चूक. आणू नका.

जरा उद्धट वाटलं असेल तर कारण देते. तिला ठरावीक सॉफ्ट कोरल लागतं, म्हणजे तुम्हाला महागडी सार्कोफायटॉन आणून तिला चारावी लागतील, आणि लाइट कितीही चांगले असले तरी नुसत्या बागेवर ती कायमची जगत नाही. लेट्युस स्लग काही लोक टाकीतलं केसाळ शेवाळ साफ करायला ठेवतात, ती ते खातेही, पण शेवाळ संपलं की तिची उपासमार सुरू होते, आणि ती इतक्या हळू सुकत जाते की मालकाला वाटतं मस्त चाललंय, उन्हावर जगतेय. शिवाय पंपाच्या तोंडात ओढली गेली की खेळ खलास.

माणसाच्या कातडीत क्लोरोप्लास्ट घातले तर जेवण लागणार नाही का? गंमत म्हणून विचारतोय.

गंमत म्हणूनच हिशेब करू. माणसाला दिवसाला दोन हजार किलोकॅलरी लागतात असं धरलं तर ते सरासरी १०० वॅटच्या आसपास येतं, जुन्या पिवळ्या बल्बएवढं. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास. एका वेळी ऊन लागेल असं अंग फार तर १ चौरस मीटर. वनस्पती उन्हातला अगदी थोडा भाग साखरेत बदलतात, आपण उदार होऊन २ टक्के धरू. झाले २० वॅट, तेही फक्त भर दुपारी. रात्र, सकाळ, संध्याकाळ धरून सरासरी काढली की ५ वॅट. म्हणजे दिवसभर उघडे, न हलता उन्हात पडून राहिलात तर गरजेच्या ५ टक्के. दात कोरून पोट भरण्यातला प्रकार. गोगलगायीला परवडतं कारण ती चपटी आहे, अंग गरम ठेवायचा खर्च नाही, आणि तिला कुठे पोचायची घाई नाही.

रीफ पांढरे पडतात त्याच्या बातम्या वाचते. मग या गोगलगायीचं काय होतं?

पांढरे पडणं म्हणजे पाणी जास्त दिवस जास्त गरम राहिलं की प्रवाळ आणि झूझँथेली यांची भागीदारी मोडते आणि शेवाळ प्रवाळातून बाहेर पडतं. तपकिरी-हिरवा रंग शेवाळाचाच होता, तो गेला की खाली पांढरं उरतं. ग्रेट बॅरिअर रीफवर हे मोठ्या प्रमाणात १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये झालं. आकडे एकामागे एक वाचा, मधलं अंतर कसं कमी होत गेलंय ते बघा. सार्कोफायटॉनसारखी सॉफ्ट कोरलही यातून सुटत नाहीत.

फायलोडेस्मियमचा वांधा दुहेरी आहे. तिची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या अंगात शेवाळ नसतं, आईकडून काही मिळत नाही, आणि बाग प्रत्येक पिढीला नव्याने लावावी लागते, रोपं कुठून, तर प्रवाळ खाऊनच. प्रवाळ पांढरा पडला तर जेवण कमी आणि बी-बियाणंही गायब. मेला तर दोन्ही कायमचं.

शेवटचं, डायव्हिंगला गेलो तर ही दिसेल का? कशी ओळखायची?

समोर असली तरी दिसणार नाही ही शक्यता जास्त. ज्या प्रवाळावर ती बसते त्याच्याच रंगाची ती असते, रंग एकाच शेवाळातून आलेला ना. पाण्याच्या हालचालीबरोबर तिच्या पट्ट्या हलतात त्याही प्रवाळाच्या बोटांसारख्याच. आणि ओळखलीत तरी हात लावू नका, त्रास झाला की या वंशातल्या गोगलगायी सेराटा तोडून टाकतात, पट्टी तिकडे वळवळत राहते आणि बाई इकडे सटकतात. पट्ट्या पुन्हा येतात, पण तेवढी बाग गेली ना तिची.

म्हणून आधी गोगलगाय शोधूच नका. लेदर कोरलवर कुरतडलेला, कातडी गेलेली दिसणारी जागा शोधा, आणि जवळपास पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं चिकटवल्यासारखं काही दिसतंय का बघा, ती अंडी. दोन्ही सापडलं की तिथेच थांबा, हात मागे, आणि प्रवाळाचं कोणतं बोट प्रवाहाच्या उलट दिशेला सरकतंय तेवढं बघत राहा.